ती नाही म्हणाली नव्हती

६ फेब्रुवारी

धाकटे,

आधी 'प्रिय' लिहिलं, मग तो कागद चुरगळून टाकला. नऊ वर्षं मी या घरात तुझं नाव घेऊ दिलं नाही, आणि आता एकदम प्रिय कुठली. तेव्हा नुसतं धाकटे. आई हाक मारायची तसं.

मला एकच विचारायचंय. आईच्या शेवटच्या आजारात तू यायला नाही म्हणाली होतीस का? तू स्वतः, स्वतःच्या तोंडानं? हो किंवा नाही, एवढंच कळव. बाकी काही लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस.

फोन का नाही केला म्हणशील. नंबर आहे माझ्याकडे, आज सकाळीच मुलाकडून घेतला, पत्त्यासकट. तो तुझ्याशी अधूनमधून बोलतो, हेही मला आजच कळलं. मावशी मस्त गप्पा मारते म्हणे. बरं. कालपासून जे काही कळतंय त्यात हे सगळ्यात लहान. फोन अशासाठी नाही केला की तू नुसतं 'हॅलो' म्हणालीस तरी मला काही सुचायचं नाही. मी रडेन नाहीतर भांडेन, आणि विचारायचं ते राहूनच जाईल. आज लॅबमध्ये मी एका बाईंच्या खालच्या कवळीला वरचे दात लावून ठेवले. इतकी वर्षं कवळ्या करतेय, असं कधी झालं नव्हतं. मालकांनी बघितलं, ओरडले नाहीत, म्हणाले, घरी जा आज.

काय झालं ते सांगते. आम्ही दोघं इंग्रजीच्या वर्गाला जातो. हसू नकोस. मुलगा परदेशात असतो, सून तिकडचीच आहे, तिला आपली भाषा येत नाही, आणि उन्हाळ्यात तिला बाळ होणार आहे. मुलानं आम्हा दोघांची विमानाची तिकिटं काढलीत. तिकडे जाऊन मी सुनेशी हातवारे करत बसू का? म्हणून वाचनालयाच्या माडीवर जो वर्ग भरतो त्यात नाव घातलं आणि ह्यांनाही ओढलं. तुझे भावोजी आधी 'मला या वयात काय करायचंय' करत होते. आता माझ्या आधी चपला घालून दारात उभे असतात.

शिकवणाऱ्या बाई आमच्या मुलाच्या वयाच्या, पण कडक. त्यांचा एक नियम आहे. एकसारखे वाटणारे दोन शब्द घ्यायचे आणि शेजारी बसलेल्या दोघांना एकेक वाटायचा. मग ज्यानं त्यानं आपल्या शब्दाचं वाक्य करायचं, पण वाक्य खरं पाहिजे, आपल्या बाबतीत घडलेलं. 'मांजर खुर्चीखाली आहे' असलं चालत नाही. बाई म्हणतात, खोट्या वाक्यात कुठलाही शब्द खपतो. आमच्यात एक बस ड्रायव्हर आहे. त्याला एकदा 'लेट' दिला होता आणि शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंना 'स्लो'. तर हा उठून म्हणतो, मी कधीच लेट नसतो, बस स्लो असते. आम्ही पोट धरधरून हसलो.

मला हे सगळं फार आवडायचं. आमच्या कामात दातांच्या रंगांची पट्टी असते, नमुन्याचे दात ओळीनं लावलेले. नवख्याला सगळे पांढरेच दिसतात, पण चुकीचा रंग बसवला की शेजारच्या खऱ्या दातांत तो लगेच उठून दिसतो. शब्दांचंही तसंच, असं मी वर्गात सांगितलं होतं. बाईंनी माझं कौतुक केलं होतं. किती शहाणी मी.

काल मला 'रिफ्यूज' आला आणि ह्यांना 'प्रिव्हेंट'. बाईंनी समजावलं. दोन्हीत गोष्ट घडत नाही. पण रिफ्यूज म्हणजे ज्यानं ती करायची तोच नाही म्हणतो. आणि प्रिव्हेंट म्हणजे त्याला करायची असते, दुसरा कुणीतरी होऊ देत नाही. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, थांब्यावरच्या माणसाला काय फरक? बस आली नाही ती नाहीच." बाई म्हणाल्या, "फरक आहे ना. शिव्या कुणाला घालायच्या ते बदलतं."

मला वाक्य शोधावंच लागलं नाही. तयारच होतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, 'व्हेन माय मदर वॉज डाइंग, माय सिस्टर रिफ्यूज्ड टु कम.' आई जात होती तेव्हा माझी बहीण यायला नाही म्हणाली. बाई म्हणाल्या, गुड. मी बसले. खरं सांगू, मला बरं वाटलं. चारचौघांत तुझी चहाडी केली आणि वर शाबासकी मिळाली.

मग हे उठले. एरवी वाक्य घोकत असतात, काल काही पुटपुटतही नव्हते. पुढच्या खुर्चीची पाठ धरली आणि म्हणाले, 'नो. शी डिड नॉट रिफ्यूज.' आणि थांबले. मला वाटलं, शब्द अडला. मी हळूच सुचवलं, "पुढे प्रिव्हेंट घ्या."

हे म्हणाले, 'आय प्रिव्हेंटेड हर.'

ती नाही म्हणाली नव्हती. मी तिला येऊ दिलं नाही.

वर्गानं टाळ्या वाजवल्या, धाकटे. दोन्ही शब्द एकाच उत्तरात, इतकं सुरेख आजवर कुणाला जमलं नव्हतं. बाई एक्सलंट म्हणाल्या. ड्रायव्हरनं ह्यांच्या पाठीवर थाप मारली. आणि टाळ्या मीही वाजवत होते. नवरा बिनचूक बोलला म्हणून. हात वाजत होते आणि मग कुठे अर्थ डोक्यात शिरला. पुढचं मला आठवत नाही. ड्रायव्हरच्या जोडीचे शब्द काय होते, विचारशील तर सांगता यायचं नाही.

घरात आल्यावर मी विचारलं, "काय म्हणालात तुम्ही तिथे?" तर म्हणाले, "सांगितलं की." मी म्हटलं, "आपल्या भाषेत सांगा." तर खाली मान. मी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. तशीच खुर्चीत बसून राहिले आणि हे समोर उभे.

तेव्हा तूच सांग. नाही म्हणाली होतीस का?

ताई


११ फेब्रुवारी

धाकटे,

पहिलं पत्र अजून तुला मिळालंही नसेल. पण मला दम धरवत नाही, आणि सांगायला दुसरं आहे कोण. इतकी वर्षं जिच्यावर दात खाऊन होते तिलाच सांगत बसलेय, काय म्हणावं याला.

हे बोलले. मी त्या दिवसापासून मुलाच्या रिकाम्या खोलीत झोपते. ह्यांचं ताट वाढून ठेवते आणि आत जाते. रविवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर हे मागे दारात येऊन उभे राहिले आणि माझ्या पाठीला सांगायला लागले. मी वळले नाही. वळले असते तर परत तोंडाला कुलूप लागलं असतं. ओली चादर हातात तशीच, पाणी सगळं पायांवर.

म्हणाले, तू फोन केला होतास. मी लॅबमध्ये होते. तू म्हणालीस, भावोजी, मी उद्या निघते. आणि हे तुला म्हणाले, येऊ नकोस, ताईला तू इथे नको आहेस, आलीस तर दार उघडणार नाही म्हणते.

असं मी कधीही म्हटलं नव्हतं. आपलं पटत नव्हतं, मान्य. आईनं तुझे लाड केले आणि माझ्याकडून कामं करून घेतली, हे मी येईल त्याला ऐकवायचे, तेही मान्य. पण दार? मरणाऱ्या आईच्या आणि तुझ्या मधे दार लावायची माझी छाती झाली असती का गं?

आणि संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ह्यांनी मला काय सांगितलं, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "धाकटीचा फोन होता. जमणार नाही म्हणाली. तुमचं तुम्ही बघा म्हणाली." ते 'तुमचं तुम्ही बघा' ह्यांनी पदरचं घातलं. रविवारी विचारलं मी, ते कशाला घातलंत? तर म्हणाले, "तू परत फोन लावू नयेस म्हणून." मला ओळखून आहेत ना. नेमकं तसंच झालं. मी तणतणले, फोनला हात लावला नाही, आणि म्हटलं, आजपासून या घरात तिचं नाव काढायचं नाही. ह्यांनी मान डोलावली होती. बिचारा बायकोचं किती ऐकतो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

का केलं, ते ऐक. त्याच्या आधी तू येऊन गेली होतीस ते आठव. हे पाठीच्या दुखण्यानं नोकरी सोडून घरी बसलेले. मी दिवसभर लॅबमध्ये, आणि आईचं सगळं हेच बघायचे. भरवायचे, औषध द्यायचे, वेणीसुद्धा घालायचे, वाकडीतिकडी. आई चेष्टा करायची, जावईबापू, ही वेणी आहे की सुतळीचा गुंडा? तू ते पाहिलंस आणि तुला अवघडल्यासारखं झालं. तू म्हणालीस, "आईला मी घेऊन जाते माझ्याकडे. परक्या माणसानं किती करायचं?" मी तिथेच होते. मला वाटलं, ह्यांच्यावरचा भार हलका व्हावा म्हणून म्हणतेयस. तसंच होतं ना?

ह्यांच्या मनात तो 'परका माणूस' काट्यासारखा राहिला. म्हणाले, "मला माझी आई आठवतही नाही. नोकरी गेली तसं मला कुणी विचारेनासं झालं. तूसुद्धा दमून यायचीस आणि झोपायचीस. दिवसभर मला हाक मारणारी ती एकटी होती. धाकटी आली असती तर तिला घेऊन गेली असती. मग मी काय करायचं होतं?"

तेव्हा मी वळले. साठी गाठलेला माणूस, आई नेतील म्हणून घाबरलेला. आणि ती आई माझी. तुझी. मला कीव आली, आणि त्याच क्षणी ती ओली चादर तोंडावर फेकावीशी वाटली. फेकली नाही. दोरीवर पसरली आणि चिमटे लावले.

एक गोष्ट तुला माहीत नसेल. आईची कवळी मी केली होती, माझ्या हातानं, रंगसुद्धा तिच्या तरुणपणच्या दातांचा शोधून. शेवटी शेवटी तिला चावायचं काही उरलंच नव्हतं, पाणीसुद्धा चमच्यानं. हिरड्या आक्रसल्या होत्या, कवळी टोचायची. डॉक्टर म्हणाले, काढून ठेवा. पण रोज सकाळी तिचं एकच. दात द्या मला, धाकटी येईल, तिच्यासमोर बोळक्या तोंडानं बसू का? मग हे वाटीतून कवळी काढायचे, धुवायचे आणि तिच्या तोंडात बसवायचे. रोज सकाळी. मी डबा भरता भरता बघायचे आणि मनात तुला शिव्या द्यायचे.

तू येणार नाहीस हे त्या घरात एकाच माणसाला पक्कं माहीत होतं, आणि तोच ते दात बसवत होता. हे मला रविवारी गॅलरीत कळलं.

ताई


२४ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र आलं. मी हो किंवा नाही विचारलं होतं. तू लिहिलंस, 'नाही. आणि ताई, मी आले होते.'

टपालपेट्या आमच्याकडे खाली जिन्याशी आहेत. मी तिथेच पाकीट फोडलं, वर चढता चढता वाचत होते. पहिली ओळ वाचून जिन्यातच बसकण मारली. बाकीचं तिथेच बसून वाचलं. वाचता वाचता लक्षात आलं की तू ज्याबद्दल लिहितेयस तो जिना हाच.

मी तुझं पत्र तुलाच परत सांगतेय, कारण अजून ते माझ्या डोक्यात बसत नाही. फोनवरचं तुला खरं वाटलं नाही. ताई चिडकी आहे पण एवढी नाही, असं तुला वाटलं. हे वाचून मी रडले, आधी हे सांगते. तू बॅग भरलीस आणि निघालीस. वर आलीस. आमचं दार किलकिलं होतं. आतून आईचा आवाज आला, "जावईबापू, कोण आलंय?" तुला दार ढकलायचंच बाकी होतं. आणि हे बाहेर आले, मागे दार ओढून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, ताई आत आहे, तुला बघितलं तर तमाशा करेल, आईला आता ते सोसणार नाही.

म्हणून तू फिरलीस. आईला त्रास नको म्हणून. ह्यांनी तुझी बॅग उचलून खाली आणली, गाडी थांबवून दिली, वर सांभाळून जा म्हणाले.

मी आत नव्हते, धाकटे. मी लॅबमध्ये होते. आत आई होती आणि दुसरं कुणी नव्हतं. त्यानंतरही आई आठवडाभर होती.

घरात आले तर हे पेपर वाचत बसलेले. मी उभ्याउभ्याच तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. वाचून झालं तसं म्हणाले, "हो." बस, हो. मी विचारलं, "हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"कुठे? वर्गात?"

"वर्गात. गॅलरीत. कुठेही."

तर म्हणतात, "तेवढं इंग्रजी येत नाही मला."

मला हसू फुटलं. शपथ. कसलं हसू ते, थांबेचना, शेजारीण दार उघडून बघायला आली. ह्यांना वाटलं मी निवळले, तेही जरासे हसले. मग माझं तोंड बघून गप्प झाले. नंतर सांगितलं ह्यांनी, ते फोनचं एक वाक्य महिनाभर मनात जुळवत होते म्हणे, नेमका शब्द त्या दिवशी मिळाला. आपल्या भाषेत म्हणायला गेलं की पहिल्याच शब्दाला अडायचं. इंग्रजीत ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायचं, म्हणून जमलं. आणि मी बावळट, पुढचा शब्द सुचवत होते.

काल वर्ग सुटल्यावर बाईंना विचारलं, गुन्हा कबूल करणं याला काय म्हणायचं. म्हणाल्या, दोन शब्द आहेत. मनाला डाचतं म्हणून माणूस आपणहून सांगतो ते कन्फेस. समोर आणून ठेवल्यावर नाइलाजानं हो म्हणतो ते ॲडमिट. तुम्हाला कुठला हवाय? मी म्हटलं, दोन्ही. एकाच माणसासाठी. बाई हसल्या. त्यांना वाटलं, मी फार अभ्यासू आहे.

फोनचं ह्यांनी कन्फेस केलं, म्हणून मला थोडी कीव तरी आली होती. जिन्याचं ॲडमिट केलं. आता कीव येत नाही. आता मला ह्यांच्याकडे बघताना हा माणूस कोण, असं वाटतं. चहा कसा लागतो, कुठल्या कुशीवर झोपतो, कशाला हसतो, सगळं माहीत. आणि कोण, ते माहीत नाही.

मग मी जे विचारायला नको होतं ते विचारलं. "तुम्ही परत वर आलात. आईनं विचारलं असेल ना, कोण आलं होतं? काय सांगितलंत?"

पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "कुणी नाही म्हटलं."

"आणि?"

"म्हणाली, मला धाकटीची पावलं वाटली."

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी?"

"दात मागितले. दिले बसवून."

मी भिंतीला टेकले. तुझी पावलं तिनं ओळखली होती, धाकटे. एवढं तुला कळलंच पाहिजे म्हणून लिहितेय. बाकी मला काही सुचत नाही.

एक मात्र मी ठरवलंय, आणि ह्यांना सांगूनही टाकलंय. तू हा जिना परत चढून घरात पाऊल टाकत नाहीस तोवर मी विमानात बसणार नाही. तिकिटं पडली आहेत, सून दिवस मोजतेय, नातवंडाचं तोंड बघायला माझा जीव तुटतोय. सगळं खरं. पण आईची एक लेक दाराबाहेर उभी ठेवून मी कुणाचं बाळ मांडीवर घेऊ? मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आई, मावशी नाही आली तर?" मी म्हटलं, मग मीही नाही.

तेव्हा आता तुझ्या हातात आहे. ये.

तुझी ताई


७ मार्च

धाकटे,

शनिवारी येते म्हणतेस. वाचून मी आधी गादीच्या चादरी बदलल्या आणि मग शनिवारला अजून वेळ आहे हे आठवलं.

तुझी अट वाचली. 'तो माणूस घरात नको. त्याचं तोंड मला बघायचं नाही.' ह्यांना वाचून दाखवली. तर लगेच तयार. "मी बागेत जाऊन बसतो ना. ती गेली की येईन." चेहऱ्यावर अशी काही सुटका दिसली की मला चीड आली. मी म्हटलं, अजिबात नाही.

तुझी अट मला मान्य नाही. रागावायचं तर रागाव, पण आधी नीट ऐक. बागेत जाऊन बसणं फार सोपं आहे. हे तेच करत आलेत. दार ह्यांनी ओढून घेतलं होतं ना? मग उघडायचंही ह्यांनीच. तू बेल वाजवशील तेव्हा मी स्वयंपाकघरात असेन, आणि उठणार नाही. जीव वरखाली झाला तरी उठणार नाही. ते दार उघडतील, तुझ्या हातातली बॅग घेतील आणि आत आणून ठेवतील. मग तुला त्यांच्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. चार शिव्या घालायच्या असतील तर घाल, मी मधे पडायची नाही. परका माणूस म्हणालीस त्याबद्दल तुला काही म्हणावंसं वाटलं तर तेही तुझं तू बघ.

मी माफ केलं असं समजू नकोस. अजून मुलाच्याच खोलीत झोपते. तिकडे गेल्यावर एका खोलीत राहावं लागेल तेव्हा काय करणार, विचारू नकोस, मला माहीत नाही. कधी कधी ताट वाढताना हात थांबतो, आणि कधी कधी ह्यांची पाठ दुखतेय हे बघून तेलाची बाटली आपोआप पुढे सरकवली जाते. दोन्ही करणारी मीच. माझंच मला आश्चर्य वाटतं.

वर्गाला जातो अजून दोघं. सुनेशी बोलायचं तर शिकायलाच हवं. पण आता शेजारी बसत नाही. मी शिवणकामवाल्या बाईंजवळ बसते. परवा बाईंनी मला 'एक्स्पेक्ट' दिला आणि त्यांना 'वेट'. आपण दोन्हीला वाट बघणंच म्हणतो. पण वेट म्हणजे कुणी येईपर्यंत नुसतं थांबणं, आणि एक्स्पेक्ट म्हणजे ते येणार हे धरून चालणं, त्या तयारीत असणं. बाई म्हणाल्या, सांगा, तुमचं वाक्य नेहमी तयार असतं. माझ्या डोळ्यांसमोर आई. उशीला टेकून, दात लावून बसलेली. मी म्हटलं, बाई, मला येत नाही. हे पलीकडच्या रांगेत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आता शेवटचं. मी ह्यांना एक ताकीद दिली आहे. दार उघडल्यावर काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी सुचवणार नाही. पण म्हणायचं ते आपल्या भाषेत. सॉरीबिरी चालणार नाही. ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. म्हणाले, "नाही जमलं तर?" मी म्हटलं, "तर ती जिन्यात उभी राहील, आणि तुम्ही दारात. मला घाई नाही."

काल मी लॅबमधून लवकर निघाले. वर आले, पर्समधून किल्ली काढली, तर आतून आवाज. मला वाटलं, कुणी आलंय. कान दिला. हे दाराशी उभे होते, आतल्या बाजूला, एकटेच. म्हणत होते, "ये." मग घसा खाकरायचे आणि परत, "धाकटे, ये." मग बराच वेळ काही नाही. मग, "चुकलो." ते इतकं हळू की मी दाराला कान लावला होता म्हणून ऐकू आलं. मग पुन्हा पहिल्यापासून, "ये."

मी किल्ली परत पर्समध्ये ठेवली. तू उभी होतीस तिथेच, जिन्यात उभी राहिले, आणि त्यांचं होईपर्यंत बेल वाजवली नाही.

शनिवारी ये.

तुझी ताई